खंड्याची गाठ: आधी सुई, मग निर्णय

प्रश्न: आमचा कुत्रा खंड्या नऊ वर्षांचा आहे. आई लॅब्राडोर, बाप गावातलाच. गेल्या महिन्यात त्याचं अंग पुसताना उजव्या बाजूला, पुढच्या पायामागे फासळ्यांवर हरभऱ्याच्या दाण्याएवढी गाठ हाताला लागली. ह्यांना वाटलं गोचीड आहे, म्हणून चिमट्याने ओढून पाहिली. गोचीड नव्हती. त्या संध्याकाळी भोवती लाल होऊन सुजलं आणि दोन दिवसांत उतरलं. आताही गाठ कधी मोठी वाटते, कधी लहान. खाणंपिणं, फिरणं सगळं व्यवस्थित आहे. म्हशींसाठी येणारे डॉक्टर चाचपून म्हणाले, "चरबीची गाठ आहे, सोडून द्या." पुण्याच्या नणंदबाई म्हणतात, ताबडतोब कापून टाका. शेजारच्या आजी बिब्बा लावायला सांगतात. ह्यांचं म्हणणं, म्हातारपणी कशाला छळायचं त्याला. माझे सासरे कॅन्सरने गेले. त्यांची सुई घालून तपासणी झाली आणि तिथून तीन महिन्यांत सगळं संपलं. त्यामुळे घरात सुईचं नाव काढलं तरी सगळे म्हणतात, गाठ खवळेल. मी काय करू?
एक वाचक, वाई तालुका

ताई,

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. याच आठवड्यात खंड्याच्या गाठीतून सुईने नमुना काढून तपासून घ्या. रिपोर्ट हातात येईपर्यंत गाठ कापायची नाही, तिला काही लावायचं नाही, आणि चरबीच असेल असं म्हणून सोडूनही द्यायची नाही. घरातले सगळे खंड्याच्या काळजीपोटीच बोलताहेत. पण ती गाठ कशाची आहे हे अजून कोणालाच माहीत नाही, आणि नुसतं चाचपून ते मलाही सांगता येणार नाही.

तुमच्या डॉक्टरांनी उगाच अंदाज बांधलेला नाही. उतारवयाकडे झुकलेला, अंगात लॅब्राडोरचं रक्त असलेला कुत्रा आणि छातीच्या बाजूला हाताखाली सरकणारी गाठ, असं म्हटलं की कोणत्याही पशुवैद्याच्या मनात पहिल्यांदा चरबीचीच गाठ येते. तिला आम्ही लायपोमा म्हणतो. ती कॅन्सर नसते, दुखत नाही, सावकाश वाढते, आणि कितीतरी कुत्री अशा चार-पाच गाठी अंगावर वागवत आयुष्य सुखाने काढतात. काखेत किंवा जांघेत वाढून चालताना घासायला लागली, नाहीतर स्नायूंच्या थरांत शिरली, तरच ती काढायची वेळ येते. खंड्याची गाठ अशी चरबीची निघेलही. अडचण एवढीच आहे की बोटांना चरबीसारखीच लागणारी दुसरी एक गाठ असते, आणि ती सोडून देण्यासारखी नसते. तिचं नाव मास्ट सेल ट्यूमर.

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहेत. एक, चिमट्याने ओढल्यावर भोवती लाल होऊन सुजलं आणि नंतर उतरलं. दोन, गाठ कधी मोठी वाटते, कधी लहान. मास्ट पेशी या शरीराच्या संरक्षणासाठी असलेल्या पेशी. त्यांच्यात हिस्टामिन आणि आणखी काही रसायनं भरलेली असतात. गांधीलमाशी चावल्यावर आपल्याला जी लाली, खाज आणि सूज येते, ती बऱ्याच अंशी या पेशींनी सोडलेल्या रसायनांमुळे. याच पेशींची गाठ झाली की ती दाबल्यावर, ओढल्यावर, चोळल्यावर रसायनं बाहेर पडतात, भोवतालचा भाग फुगतो आणि काही वेळाने ओसरतो. लोक ओसरलेली गाठ बघतात आणि म्हणतात, जिरत चाललीये. कुत्र्यांना होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरांत हा नेहमी आढळणारा प्रकार आहे, आणि बॉक्सर, पग, गोल्डन रिट्रिव्हर यांच्याबरोबर लॅब्राडोरही त्याच्या यादीत येतो.

यावरून खंड्याला तोच आजार आहे असं मी म्हणत नाही. चिमट्याने ओढलं तर साध्या मसाभोवतीही सूज येईल, आणि लहान-मोठी होण्याचा भासही असू शकतो. पण या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी महिनाभर वाट बघायला सांगणार नाही. अमेरिकेतल्या पशुकर्करोगतज्ज्ञ डॉ. स्यू एटिंगर यांनी कुत्रा-मांजर पाळणाऱ्यांसाठी एक सोपा नियम रूढ केला आहे: गाठ वाटाण्याएवढी म्हणजे साधारण १ सेंटिमीटरची झाली आणि महिनाभर टिकून राहिली, तर सुईने तपासून घ्या. तुमची गाठ आकाराने त्याच्या आसपास आहे, महिना झालाच आहे, आणि वर ही दोन लक्षणं आहेत.

तोवर तिला हात लावू नका. मुलं कौतुकाने किंवा काळजीने सारखी दाबून बघतात, त्यांना सांगा. खंड्या ती जागा चाटतो किंवा खाजवतो का, याच्यावर लक्ष ठेवा. उलट्या सुरू झाल्या, जेवण सोडलं, शी काळीकुट्ट आणि चिकट व्हायला लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मास्ट सेलच्या रसायनांनी पोटात आम्ल वाढून आतून जखमा होतात आणि रक्त जातं, त्याची ही खूण असते.

आता सुईबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुमच्या घरात खरा अडसर तिथेच आहे.

सासऱ्यांच्या आजारपणाची आठवण अजून ताजी असणार. "सुई लावली आणि गाठ खवळली" हे वाक्य मी कुत्र्यांपेक्षा माणसांच्या बाबतीत जास्त ऐकलं आहे, आणि ते बोलणाऱ्याच्या मनात खरं दुःख असतं, म्हणून ते उडवून लावायला मला आवडत नाही. पण क्रम नीट पाहा. आपल्याकडे माणूस मोठ्या दवाखान्यात पोचतो तेव्हा बहुतेक वेळा आजार आतून बराच पुढे गेलेला असतो. मग तपासणी होते, नाव कळतं, आणि आजार ज्या वेगाने आधीपासून चाललेला असतो त्याच वेगाने पुढे जातो. घरच्यांच्या मनात मात्र सुईचा दिवस कोरला जातो, कारण त्या दिवशी घर हादरलेलं असतं. सासऱ्यांचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या आजारावर मी बोलणार नाही. खंड्याबद्दल खात्रीने सांगते: कातडीतल्या किंवा कातडीखालच्या गाठीत बारीक सुई घातल्याने कॅन्सर पसरण्याचा धोका नगण्य मानला जातो. काही मोजक्या ठिकाणी आम्ही स्वतःच सुई टाळतो. मूत्राशयाच्या एका कॅन्सरमध्ये पोटावरून सुई घातल्यावर सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, म्हणून तिथे वेगळा मार्ग घेतात. फासळीवरची गाठ त्यांत मोडत नाही.

घरच्यांच्या भीतीत एक अंश खरा आहे, तोही सांगते. गाठ मास्ट सेलची असेल तर सुईनंतर ती त्या दिवशी फुगू शकते, थोडं रक्त साकळून निळसर दिसू शकते. हे पसरणं नव्हे. चिमट्यानंतर झालं तेच. डॉक्टरांना तुम्ही चिमट्याची हकिगत आधीच सांगितलीत तर ते एव्हिलसारखं सूज रोखणारं इंजेक्शन जवळ ठेवतील किंवा आधीच देतील.

प्रत्यक्षात होतं काय? खंड्याला टेबलावर, नाहीतर खाली सतरंजीवरच उभं धरायचं. तोंडाशी तुम्ही उभं राहा, म्हणजे तो तुमच्याकडे बघत राहील. बहुतेक कुत्र्यांना भूल लागत नाही. डॉक्टर केस बाजूला सारून स्पिरिटचा बोळा फिरवतात, दोन बोटांत गाठ धरतात आणि लस टोचताना असते तेवढीच बारीक सुई आत घालून तीन-चार दिशांना पुढेमागे करतात. मग सुई काढून, सिरिंजमध्ये हवा भरून, सुईत अडकलेला ऐवज काचेच्या पट्टीवर उडवतात. दिसायला तो टाचणीच्या डोक्याएवढा असतो. दुसऱ्या पट्टीने तो हलकेच पसरवायचा आणि हवेवर वाळवायचा. एवढंच. खंड्याला लागणारा वेळ काही मिनिटांचा.

चरबीची गाठ असली तर पट्टीवर चमकणारे तेलकट थेंब येतात आणि ते वाळतच नाहीत. अनेक दवाखान्यांत एवढं बघूनच "चरबी" म्हणून घरी पाठवतात. तुम्ही तिथे थांबू नका. कातडीखाली सगळीकडेच चरबी असते, आणि सुई गाठीच्या शेजारून गेली तरी तेलाचे थेंब येतात. पट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायलाच हवी. मास्ट पेशी असल्या तर त्या सहसा लपत नाहीत. गोल पेशी, आत जांभळे कण ठासून भरलेले. सरावाच्या डोळ्याला त्या ओळखू येतात, आणि म्हणूनच या आजारात सुईची तपासणी इतकी कामाची आहे.

दवाखान्यात गेल्यावर शब्द सापडत नाहीत असं अनेक वाचक लिहितात. तुम्ही सरळ म्हणा, "डॉक्टर, कापायचं ठरवण्याआधी एफएनएसी करून स्लाइड बघायची आहे." तपासणीला हेच नाव आहे. तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गुरांचीच वर्दळ जास्त, सूक्ष्मदर्शक असेल-नसेल. पण नमुना घेऊन पट्ट्या वाळवून ठेवणं कोणत्याही पशुवैद्याला जमतं, आणि वाळलेली पट्टी पुढे पाठवता येते. फक्त ती फॉर्मेलिनच्या, म्हणजे कापलेले नमुने टिकवायच्या रसायनाच्या, बाटलीजवळ ठेवू देऊ नका; नुसत्या वाफेनेही पट्टी नीट रंगत नाही. तुम्हाला तर शिरवळ जवळ आहे. सुरूरहून खंबाटकी ओलांडली की खंडाळा आणि पुढे शिरवळ, तिथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं ते घटक महाविद्यालय. अशा महाविद्यालयांत शल्यचिकित्सा (ऑपरेशन) आणि विकृतिशास्त्र (नमुन्यांची तपासणी) असे दोन्ही विभाग एकाच आवारात असतात, आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी येतो. आधी फोन करून कुत्र्यांची ओपीडी कधी असते ते विचारून मगच निघा. (इतर भागांतल्या वाचकांसाठी: मुंबईत परळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथेही याच विद्यापीठाची महाविद्यालयं आहेत.)

एक गोष्ट आवर्जून टाळा. काही ठिकाणी "सूज उतरेल" म्हणून गाठ बघितल्या बघितल्या स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. त्याने मास्ट सेलची गाठ काही दिवस लहान होते, घरचे निश्चिंत होतात, आणि नंतर घेतलेल्या नमुन्यातून खरं चित्र मिळणं अवघड होतं. आधी पट्टी, मग जे काही औषध असेल ते. नम्रपणे पण ठामपणे सांगा.

आता रिपोर्टनंतरचं.

चरबी निघाली तर तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरेल आणि तुम्ही गाठ निर्धास्तपणे सोडून द्याल. फक्त तिचं माप लिहून ठेवा. केस ओले करून भांग पाडा, शिंप्याची टेप किंवा मुलांची पट्टी गाठीशेजारी धरून फोटो काढा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात जिथे दुधाचा हिशेब लिहिता त्याच चौकोनात माप आणि जागा लिहा. महिन्यातून एकदा पुरे. रोज चाचपत बसू नका. गाठ झपाट्याने वाढली, कडक झाली, खालच्या मांसाला चिकटली, तर पुन्हा सुई. आणि दुसरीकडे नवी गाठ आली तर तिची वेगळी तपासणी. "याला गाठी येतातच, तसलीच असेल" असं म्हणत एकीच्या रिपोर्टवर दुसरीला सोडून दिलेली कुत्री आम्ही फार उशिरा बघतो. खंड्या जाड असेल तर चहाबरोबरची बिस्किटं आणि उरलेल्या पोळ्या याच निमित्ताने कमी करा.

मास्ट सेल निघाली तर ऑपरेशन, आणि ते लवकर. इथे नणंदबाईंचं म्हणणं मी खोडून काढत नाही. कापावं लागेल हे त्या बरोबरच म्हणतात. पण "ताबडतोब कापा" आणि "काय आहे ते कळल्यावर कापा" यांत फार मोठा फरक आहे. चरबीची गाठ असेल तर चीर लहान घेऊन ती अलगद सोलून काढता येते, किंवा काढावीच लागत नाही. मास्ट सेलचं तसं नाही. हरळी वरून खुरपली तर महिन्याभरात पुन्हा फुटते, तसंच या गाठीचं असतं. दिसणाऱ्या गाठीच्या पलीकडे तिच्या पेशी पोचलेल्या असतात. म्हणून शल्यचिकित्सक गाठीच्या चहूबाजूंनी साधारण २ सेंटिमीटर निरोगी कातडी आणि खाली एक पूर्ण थर घेऊन ती काढतात. गणित करून बघा. १ सेंटिमीटरच्या गाठीसाठी ५ सेंटिमीटर रुंदीचा भाग जातो, आणि टाके त्याहून लांब पडतात. फासळ्यांवर कातडी सैल असते, त्यामुळे आज हे सहज शिवता येईल. हीच गाठ लिंबाएवढी झाल्यावर, किंवा पायाच्या खालच्या भागावर असती, तर तेवढी कातडी आणायची कुठून हा प्रश्न पडतो. काय आहे हे न कळता चिमूटभर कापून काढलं आणि मागाहून कळलं की मास्ट सेल होती, तर दुसऱ्यांदा आणखी मोठं ऑपरेशन करावं लागतं. पहिलं ऑपरेशन हीच सर्वांत चांगली संधी असते, ती माहिती हातात नसताना खर्चून टाकू नका.

कापलेली गाठ बादलीत जाऊ देऊ नका. ती फॉर्मेलिनमध्ये घालून हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे पूर्ण गाठीच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, पाठवायची, हे ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांशी ठरवा. सुईने नाव कळतं, पण गाठ किती आक्रमक आहे ते बहुधा पूर्ण गाठीच्या तपासणीतच कळतं. त्या रिपोर्टमध्ये दोन गोष्टी शोधा. पहिली, कडा मोकळ्या आहेत की नाहीत, म्हणजे कापलेल्या किनाऱ्यापर्यंत गाठीच्या पेशी पोचल्या आहेत का. दुसरी, ग्रेड, म्हणजे गाठीच्या आक्रमकतेची श्रेणी. १९८४ साली पटनाईक आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत १, २, ३ अशा श्रेणी असतात. २०११ च्या क्युपेल यांच्या पद्धतीत फक्त लो आणि हाय. अनेक रिपोर्टांत दोन्ही लिहिलेल्या असतात, गोंधळून जाऊ नका. लो ग्रेड आणि कडा मोकळ्या असतील तर बहुसंख्य कुत्री त्या एका ऑपरेशनने बरी होतात. हे मला तुम्हाला ठळकपणे सांगायचं आहे, कारण कॅन्सर हा शब्द ऐकला की तुमच्या घरात सासऱ्यांचेच दिवस डोळ्यांसमोर येतील. हाय ग्रेड असेल तर मात्र आजार गाठीपुरता राहत नाही. लसिका ग्रंथी, यकृत, प्लीहा तपासून पुढे केमोथेरपीचा विचार करावा लागतो. ती वेळ आली तर पुन्हा लिहा, त्यावर वेगळं बोलू.

कधी रिपोर्ट येतो, "निश्चित सांगता येत नाही." रक्तच आलं, पेशी कमी आल्या, असं होतं. काही कडक गाठी सुईला पेशी सोडतच नाहीत. अशा वेळी सुई पुन्हा लावायची किंवा छोटा तुकडा काढून तपासायचा. "काही आलं नाही" याचा अर्थ "काही नाही" असा घेऊ नका.

नऊ वर्षांच्या कुत्र्याला भूल झेपेल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ह्यांच्या बोलण्यात ती भीती दिसते. वय हा स्वतः आजार नव्हे. हृदय तपासून, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या करून ठरवता येतं. आपल्याकडे त्यात एक भर घालावी लागते. गोचिडांमुळे होणारा ताप, म्हणजे एर्लिकियासारखे आजार, कुत्र्यांच्या रक्तातल्या प्लेटलेट कमी करतात, आणि वरून कुत्रा ठणठणीत दिसतो. तुमच्या घरात चिमटा लगेच हाताशी होता, म्हणजे खंड्याला गोचिडं होत असणार. ऑपरेशनआधी प्लेटलेट मोजून घ्याच. कमी असतील तर आधी तो इलाज, मग टेबल.

ह्यांना माझा निरोप द्या. "म्हातारपणी छळायचं नाही" ही त्यांची भावना मला मान्य आहे, आणि सगळं कळल्यावर एखाद्या घराने ऑपरेशन न करण्याचा निर्णय घेतला तर मी त्याला चूक म्हणत नाही. पैशाची ओढाताण असते, कुत्रं खूप थकलेलं असतं, दुसरे आजार असतात. पण हा निर्णयही नाव कळल्यावरच नीट घेता येतो. मास्ट सेल आहे हे ठाऊक असेल तर पोटातलं आम्ल कमी ठेवणाऱ्या आणि हिस्टामिन रोखणाऱ्या गोळ्यांनी खंड्याचे दिवस बरे जातील. ठाऊक नसेल तर तो जेवण का सोडतोय हेच कळणार नाही. आणि नऊ वर्षांचा, खाऊनपिऊन टुणटुणीत असलेला कुत्रा अजून काही वर्षं अंगणात राहू शकतो. एका सुईला छळ म्हणण्याइतका तो थकलेला नाही.

बिब्ब्याबद्दल थोडक्यात. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते. खंड्या ते चाटणार, म्हणजे तोंडही भाजेल. गाठ मास्ट सेलची असेल तर तिला चेतवण्याचा हा सर्वांत वाईट मार्ग. दोरा किंवा केस बांधून गाठ पाडण्याचा सल्लाही कोणीतरी देईल. त्या जागी मांस कुजतं, माश्या बसतात आणि पावसाळ्यात जखमेत किडे पडतात. आजींना दुखवू नका, पण बिब्बा घरात ठेवू नका. तसंच घरातल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या खंड्याला कधीच देऊ नका. कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड त्यांनी खराब होतं.

हे सदर वाचणाऱ्या इतरांच्या मनात आपापल्या कुत्र्यांच्या गाठी आल्या असतील, म्हणून दोन शब्द. सगळ्याच गाठींची एवढी घाई नसते. दीड-दोन वर्षांच्या कुत्र्याच्या कानावर, तोंडावर किंवा पायावर लालसर, केस गळालेली, बटणासारखी गाठ अचानक आली, तर ती बहुधा हिस्टिओसायटोमा असते आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप जाते. तरीही सुईने खात्री करा. लस टोचलेल्या जागी आलेली गाठ काही आठवड्यांत विरते. पोटावरची रांगेतली "गाठ" कधी कधी नुसतं स्तनाग्र असतं. नरालाही ती असतात. याउलट, ऑपरेशन न झालेल्या मादीच्या स्तनांत लागलेली गाठ कितीही लहान असली तरी थांबू नका, त्यांतल्या सुमारे निम्म्या कॅन्सरच्या निघतात. मोकाट फिरणाऱ्या कुत्र्याच्या लिंगावर किंवा योनीजवळ फुलकोबीसारखं मांस वाढून रक्त टपकत असेल, तर तो टीव्हीटी, म्हणजे कुत्र्यांत संसर्गाने पसरणारा गाठीचा आजार, असण्याची शक्यता मोठी. दर आठवड्याला दिलेल्या व्हिनक्रिस्टिन या केमोथेरपीच्या औषधाच्या काही इंजेक्शनांनी तो बहुतेक कुत्र्यांत पूर्ण बरा होतो, त्यामुळे गल्लीतल्या अशा कुत्र्याला "आता याचं काही खरं नाही" म्हणून सोडू नका. आणि जबड्याखाली, खांद्यापुढे, मागच्या गुडघ्यामागे अशा दोन्ही बाजूंना एकदम गाठी लागल्या, तर त्या बहुधा सुजलेल्या लसिका ग्रंथी असतात, आणि त्यामागे कॅन्सरही असू शकतो. तिथे मात्र दोन दिवसही थांबू नये.

ताई, निघण्यापूर्वी एका कागदावर लिहून घ्या: गाठ पहिल्यांदा कधी लागली, चिमट्याने कधी ओढली, सूज किती वेळ राहिली, सध्या कोणती औषधं चालू आहेत, गोचिडांसाठी शेवटचं काय लावलं. डॉक्टरांना चिमट्याचा प्रसंग सांगायला संकोच करू नका. निदानासाठी तोच सर्वांत उपयोगी आहे. रिपोर्ट इंग्रजीत येईल. त्याचा फोटो सदराच्या पत्त्यावर पाठवा, त्यातली ओळ न् ओळ मी मराठीत समजावून सांगेन, आणि मग ऑपरेशनचं काय ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.